फेल गेलेली बोअर उघडी कशी ठेवावी

मालक, बोअर फेल गेली म्हणून कपाळाला हात लावून बसू नका. ५०० फूट खाली नुसता फुफाटा निघाला, पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर उभा राहिलेला नारळ खोटा ठरला, एजंट कमिशन घेऊन गेला आणि तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी पहाटेच दुसऱ्याच्या रानात वळली. तरीही तुमच्यापाशी एक गोष्ट उरलीच आहे: रानाच्या मधोमध साडेसहा इंचांचं भोक. बेळगाव जिल्ह्याच्या अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडी भागात अशी भोकं राखायची जुनी रीत आहे. ती मोडू नये म्हणून हा खटाटोप.

सुरुवात गाडी येण्याआधीच करायची. सुप्रीम कोर्टाने २०१० साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे बोअर मारण्याआधी १५ दिवस लेखी कळवायचं असतं. आता आपल्याकडे गाडी येते दिवेलागणीला, रात्रभर कॉम्प्रेसर गावाला झोपू देत नाही आणि कोंबडं आरवायच्या आत निकाल लागलेला असतो. यात १५ दिवस बसवायचे कुठे? मालकाचा आणि गाडीवाल्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला फलकही बोअरजवळ लावा म्हणतात. तो चुकूनही लावू नका. पुढे काही झालंच तर पत्ता शोधण्यात पोलिसांचे दोन दिवस तरी जायला हवेत.

आता मुख्य काम, केसिंग उपसायचं. हे समजून घ्या, कारण सगळी करामत यातच आहे. काळी माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून वरचे तीस-चाळीस फूट मोठ्या बिटाने, आठ-नऊ इंची पाडतात आणि त्यात पाईप उतरवतात, तीच केसिंग. खाली पाषाण लागला की बिट बदलून साडेसहावर येतात. पाणीच नाही म्हटल्यावर पाईप जमिनीत कशाला सडवायची? साखळी लावा, ट्रॅक्टरने ओढून काढा. पाईप निघाली की कडेची माती सुटायला लागते आणि दोन वळीव होईपर्यंत नऊ इंचांचं तोंड फूटभर होतं. पाषाणातलं भोक मात्र साडेसहाच राहतं. म्हणजे वर ताटाएवढं तोंड, खाली निमुळती नळी. घरातलं नरसाळं डोळ्यांपुढे आणा, तसंच.

दोन वर्षांच्या पोराच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंटिमीटर असतो. म्हणजे आरपार सहा इंच. साडेसहाच्या नळीत ते बसतं, वर अर्धा इंच शिल्लक राहतो. खांदे आवळतात, हात डोक्यावर जातात, आणि पोर माती संपून पाषाण सुरू होतो तिथे जाऊन रुततं. इतकं बेतशीर माप लेथवाल्याकडेही करून मिळायचं नाही.

काहींना केसिंग काढायचा कंटाळा असतो. त्यांनी ती निदान जमिनीलगत कापावी. फूटभर वर राहिली तर नांगराचा फाळ अडकतो, आणि मुख्य म्हणजे ती लांबून दिसते.

मग झाकण. नियमात लोखंडी प्लेट वेल्ड करा, नाहीतर टोपण नट-बोल्टने आवळा असं आहे. शिवाय केसिंगभोवती सिमेंटचा ओटा: अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच, त्यातला निम्मा जमिनीखाली. हिशेब घातला तर साधारण एक पोतं सिमेंट लागतं. बोअरला कर्ज काढून पैसा ओतल्यावर हे एक पोतं मात्र परवडत नाही, असं चारचौघांत छातीठोक सांगता आलं पाहिजे. त्यापेक्षा युरियाचं रिकामं पोतं घ्या, तोंडावर पसरा, सुतळीने बांधा, वर एक दगड. हे पोतं चैत्रात धडधाकट दिसतं. ज्येष्ठात मुठीत धरलंत तर उन्हाने त्याचा भुगा होतो. दगड कलंडतो, भोवती हरळी माजते आणि भोक दिसेनासं होतं. अगदी उघडं भोक असेल तर चार वर्षांचं पोरसुद्धा वाकून बघतं आणि मागे सरतं. पोत्याखालचं कळायला त्यावर पाऊलच पडावं लागतं. म्हणून काहीच न झाकणाऱ्यापेक्षा पोतं झाकणारा मालक जास्त तयारीचा समजावा.

एखादा मास्तर नाहीतर शाणा भाचा सांगेल, बुजवूनच टाका की. त्याचं म्हणणं असं की माती, वाळू, खडी किंवा बोअरमधूनच निघालेला चुरा तळापासून वरपर्यंत भरायचा. ५०० फुटांच्या साडेसहा इंची भोकाला सव्वा ब्रास, म्हणजे सव्वाशे घनफूटसुद्धा माल लागत नाही, आणि बराचसा चुरा तर शेजारीच ढिगाने पडलेला असतो. पण तो ढीग तुम्ही गोठ्यापुढच्या चिखलात टाकायला आधीच राखून ठेवलाय. फारच आग्रह झाला तर असं करा. पहिल्यांदा दोन मोठे धोंडे सोडा. ते वीस-तीस फुटांवर आडवे अडकतात. मग वरून मातीची घमेली ओता. तोंडापर्यंत भरली की फोटो काढून पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, म्हणजे पीडीओला पाठवा. मृगाचा पाऊस लागला की धोंडे सरकतात, माती खाली बसते आणि भोक पुन्हा मोकळं. फोटो मात्र फाईलला कायमचा राहतो.

कागदाच्या बाबतीत एकच पथ्य पाळा. बोअर मेली असं कधी कबूल करू नका. मेली म्हटलं की ती नीट बुजवल्याचा दाखला आला. तिला झोपलेली म्हणा. ‘औंदा पाऊस झाला की उमाळा फुटतोय बघा’, हे वाक्य दहा-बारा वर्षं सहज चालतं. चालू बोअर असेल तर ‘मोटार वायंडिंगला गेलीया’ म्हणा. दुरुस्तीपुरतीही बोअर उघडी ठेवू नये असं त्याच नियमात आहे, पण वायंडिंगवाला मोटार परत कधी देणार हे कुठल्या कोर्टाला ठरवता आलंय?

आपण सीमेवर राहतो याचाही फायदा उठवायचा. खेड्यात देखरेख सरपंच आणि शेती खात्याचा माणूस करेल, असं कोर्टाने म्हटलंय. आता कर्नाटकात सरपंच असतोय कुठे? आपल्याकडे पंचायतीचा अध्यक्ष. सरपंच पलीकडे जत तालुक्यात. तेव्हा हा नियम जतला लागू, अथणीला नाही, असं बिनधास्त ठोकून द्या. पंचायतीत कन्नडमधलं परिपत्रक डकवलेलं दिसलं तर मराठीत का नाही म्हणून अर्ज ठोका. मागणी रास्तच आहे, त्यामुळे तिच्याआड भोक आणखी दोन वर्षं बिनघोर झाकलं जातं. आणि कुणी अगदीच खनपटीला बसलं तर सांगा, सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आधी गाव कुणाचं ते ठरू द्या, मग बोअर कुणाची ते बघू. बोअरचा निकाल त्याच कोर्टाने कधीच देऊन टाकलाय, हे सांगायची गरज नाही.

२०२४ साली कर्नाटकाने भूजल कायदा दुरुस्त केला. आता बोअर उघडी टाकणाऱ्याला वर्षापर्यंत कैद आणि २५ हजारांपर्यंत दंड आहे. घाबरू नका. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे ना? मग करू द्या आजोबांना कैद. खाली तीन भाऊ, त्यातला एक पुण्याला, आणि रान कसायला वाटेकऱ्याकडे. वाटेकरी म्हणणार बोअर मालकाची, मालक म्हणणार रान वाटेकऱ्याकडे.

तुमच्या पोरांची काळजी नको. ती सकाळी इंग्रजी शाळेच्या बसमध्ये असतात. बोअरच्या आसपास हिंडतात ती रानात कामाला आलेल्यांची. आई उसात, बाप मोळ्या बांधतोय, धाकटं बांधावरच्या झोळीत आणि मधलं झोळीला झोका देऊन कंटाळलेलं. २०१७ च्या एप्रिलात अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला सहा वर्षांची पोरगी पडली. दोन दिवस खणूनही ती जिवंत निघाली नाही. २०२४ च्या एप्रिलात विजयपूर जिल्ह्यात इंडी तालुक्यातल्या लच्याणला दोन वर्षांचं पोर वीसेक तासांनी जिवंत काढलं. दोन्ही वेळा एप्रिल. उन्हाळ्यातच पाणी आटतं, बोअर मारायची घाई उन्हाळ्यातच होते आणि शाळेला सुट्टीही तेव्हाच.

तर पडलंच एखादं, तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. आख्खा गाव भोकाच्या तोंडाशी उभा करा. पायांनी सुटलेली माती आत पडते, पोराच्या तोंडावर. मग कुणाला तरी दोर सोडायला लावा. अर्धवट अडकलेला दोर सुटला की पोर आणखी दोन हात खाली जातं. जेसीबी अगदी भोकाला खेटून लावा, म्हणजे हादऱ्याने राहिलेलं काम होतं. नंतर येणारे बचाव पथकाचे लोक अडाणीपणा करतात. ते आधी गर्दी मागे हटवतात, प्राणवायूची नळी आणि कॅमेरा सोडतात, काही फूट लांब दुसरा खड्डा पोराच्या खालपर्यंत नेतात आणि तिथून आडवं भुयार काढतात. त्यात पाषाण लागला की तासाला फुटांत नाही, इंचांत सरकायला होतं. तोवर टीव्हीवाले पोचलेले असतात. त्यांना चहा द्या.

पुढचे आठ दिवस पीडीओ वेल्डर घेऊन गावभर फिरेल. तुमच्याही बोअरवर प्लेट बसेल. बसू द्या. सहा मिलिमीटरची, वीतभर लांबी-रुंदीची ती प्लेट भंगारात दोन किलोच्या आसपास भरते, आणि छिन्नीला टाके तुटायला वेळ लागत नाही.

गोठ्यामागे चाळीस फूट केसिंग आडवी पडलीच आहे. वरच्या तुकड्यात पाणी हमखास लागेल म्हणतात. पाणाड्याला आजच निरोप धाडा. नारळ घरचाच न्या, सोललेला चालत नाही, शेंडीचा लागतो.