‘चुकीचा फिल्टर गळ्यात मारला’ या तक्रारीला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. 4 फुटी टँक, 22 म्बुना (आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले सिक्लिड कुळातले मासे), आमच्याकडून घेतलेला कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेर कपाटात ठेवायचा डब्यासारखा फिल्टर. तिसऱ्या महिन्यात पाणी दुधासारखं झालं आणि तीन मासे गेले. ‘दुकानदाराने चुकीचा फिल्टर गळ्यात मारला,’ असं तुम्ही लिहिलंय. मासे गेल्याचं मलाही वाईट वाटलं. तुमचा अर्धा आरोप खरा आहे, म्हणून उत्तरही इथेच देतो.

आधी माझी चूक. तुम्ही टँकचं माप सांगितलंत, मी खोक्यावरचा आकडा बघितला आणि ‘चालेल’ म्हणून मोकळा झालो. कोणते मासे, किती, हे विचारलंच नाही. तुमचा टँक दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे जवळपास 250 लिटरचा. खोक्यावर लिहिलं होतं ताशी 1200 लिटर. हिशेबाने टँकचं पाणी तासाला पाचेक वेळा फिरायला हवं, आणि टेट्रा-गप्पींसारख्या लहान माशांना तेवढं पुरतं. पण तो आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत सिरॅमिकच्या रिंगा आणि स्पंज भरले, कपाटातून पाइप वर चढवला, थोडा गाळ बसला की प्रत्यक्षात ताशी सातआठशे लिटर मिळाले तरी नशीब. म्हणजे पाच वेळा नाही, तीनच वेळा. म्बुना दाटीने ठेवतो आपण, म्हणजे मारामारी एकाच माशाच्या वाट्याला येत नाही. पण दाटी म्हटलं की घाणही तेवढीच. अशा टँकला मी ताशी आठ-दहा पट क्षमता धरतो. त्या दिवशी धरली नाही.

आता दुसरा अर्धा. याच फिल्टरवर, याच 22 माशांवर टँक दोन महिने ठीक चालला होता. बिघडला कधी? तुमच्याच रिव्ह्यूत आहे : ‘आदल्या रविवारी फिल्टर ब्रशने घासून नळाखाली चकाचक धुतला, तरीही...’ तुम्ही फिल्टर दुकानात आणलात तेव्हा झाकण मीच उघडलं होतं. रिंगा पांढऱ्याशुभ्र, खोक्यातून आत्ता काढल्यासारख्या. दोन महिने चाललेल्या फिल्टरच्या रिंगा तपकिरी आणि बुळबुळीत असायला हव्यात. त्या बुळबुळीतच माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया राहतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाचं क्लोरीन आणि ब्रश यांनी ते एका दुपारीत गेले, आणि फिल्टर नुसता पाणी फिरवणारा पंप उरला. स्पंज आणि रिंगा टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने खळबळायच्या, त्याही सगळ्या एकाच दिवशी नाहीत, हे मी विकतानाच सांगायला हवं होतं. झाकण कसं उघडायचं तेवढं दाखवलं. तेव्हा ही चूकही निम्मी माझीच.

एवढ्याने मासे मरतात का, असं तुम्ही काउंटरवर विचारलंत. साध्या टँकमध्ये कदाचित वाचले असते. पण मलावी तळ्याचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून तुम्ही प्रवाळाचा चुरा घालून पीएच 8 च्या वर नेलाय, आणि ते बरोबरच केलंत. फक्त अमोनियाचं गणित तिथे उलटतं. 25 अंशांच्या आसपास पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांवर जातो. टेस्ट किटवर रंग तोच दिसतो, विष दहापट. सिक्लिडच्या टँकमध्ये फिल्टरची हयगय चालत नाही ती यामुळे.

आणखी एक गोष्ट दिसली : इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंख्याच्या, खाचेत चिमूटभर वाळू. म्बुना दिवसभर उकरत असतात, ती वाळू नळीतून आत जाते आणि प्रवाह आणखी कमी होतो. नळीच्या तोंडावर जाड स्पंज बसवा आणि तोंड तळापासून चार बोटं वर घ्या.

कोणीतरी तुम्हाला यूव्ही दिवा लावायला सांगितलाय. पाणी काचेसारखं दिसेल, अमोनिया मात्र जागेवरच राहील. मी तो विकतो, तरी आत्ता घेऊ नका म्हणतोय.

त्यापेक्षा दोन दिवस खाणं बंद ठेवा. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, नवं पाणी त्यातलं क्लोरीन घालवून आणि टँकच्या तापमानाला आणूनच घाला. एअर पंप चोवीस तास चालू द्या. आमच्या म्बुनाच्या टँकमधला, सहा महिने चाललेला स्पंज फिल्टर मी तुमच्यासाठी काढून ठेवलाय, त्याचे पैसे नकोत. त्या टँकमध्ये एवढ्यात नवे मासे आलेले नाहीत, त्यामुळे रोगाची धास्ती कमी. तो ओलाच घेऊन जा, वाटेत सुकू देऊ नका. कॅनिस्टर परत करून मोठा हवा असेल तर बदलून देतो. पण माझं ऐकाल तर हाच ठेवा आणि जोडीला दुसरा लावा. एक धुतला तरी दुसऱ्यात बॅक्टेरिया राहतात, आणि एक बंद पडला तरी टँक चालू राहतो.

गेलेल्या तीन माशांच्या बदली मासे देईन, आज नाही. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले की या. येताना टँकचं पाणी बाटलीत भरून आणा, तुमच्यासमोरच तपासू.