एनएचएसमध्ये होमिओपॅथी वाढतेय म्हणे!

एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा सारांश असा: ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, होमिओपॅथीचा विस्तार होतोय. तिथे सरकारी होमिओपॅथिक रुग्णालयं आहेत, 70 टक्के रुग्णांना गुण येतो, 1854 च्या कॉलऱ्यात याच गोळ्यांनी लोक वाचले, खुद्द राजा तिचा आश्रयदाता आहे, आणि तरीही औषध कंपन्या तिला दाबतात. यातल्या बऱ्याच गोष्टींत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. एकेक घेऊ.

‘सरकारी रुग्णालयं आहेत, विस्तार होतोय.’

रुग्णालयं होती. 5 जुलै 1948 ला एनएचएस सुरू झाली तेव्हा देशातली चालू रुग्णालयं सरकारने ताब्यात घेतली. त्यांत लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल, ग्लासगो, टनब्रिज वेल्स इथली होमिओपॅथिक रुग्णालयंही आली. जुनं घर विकत घेतलं की माळ्यावरचं सामान आपसूक येतं, तसं. औषध तपासून पाहिलं आणि मग आत घेतलं, असं काही घडलं नव्हतं. होमिओपॅथीचे समर्थक 1950 च्या ज्या कायद्याचा दाखला देतात, तो डॉक्टरांना होमिओपॅथी शिकवणाऱ्या फॅकल्टीबद्दल आहे. गोळ्यांच्या गुणाबद्दल तो काही सांगत नाही.

पुढचं तर मजकुरात येतच नाही. टनब्रिज वेल्सचं रुग्णालय 2009 मध्ये बंद झालं. फेब्रुवारी 2010 मध्ये ब्रिटिश संसदेच्या विज्ञान समितीने म्हटलं की होमिओपॅथी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, सरस नाही, सरकारी पैसा थांबवा. त्याच वर्षी लंडनच्या रुग्णालयाने आपल्या नावातून ‘होमिओपॅथिक’ हा शब्द काढला, आणि एप्रिल 2018 पासून तिथे एनएचएसच्या पैशातून होमिओपॅथी मिळणं थांबलं. लिव्हरपूलने 2016 मध्ये पैसे बंद केले, ब्रिस्टलने 2018 मध्ये. मधल्या काळात, नोव्हेंबर 2017 मध्ये, एनएचएस इंग्लंडने फॅमिली डॉक्टरांना होमिओपॅथीची औषधं लिहून देऊ नका असं सांगितलं. होमिओपॅथांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली आणि जून 2018 मध्ये हरली. याला विस्तार म्हणायचं तर ओहोटीलाही भरती म्हणावं लागेल.

‘70 टक्के रुग्णांना गुण आला.’

हा आकडा खरा आहे. ब्रिस्टलच्या रुग्णालयाने सहा वर्षांत पुन्हा तपासणीला आलेल्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली आणि 2005 मध्ये ती छापली. सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांनी ‘बरं वाटतंय’ असं सांगितलं. प्रश्न इतकाच, की कोणाच्या तुलनेत बरं? गोळ्या न घेतलेल्या, किंवा नुसत्या साखरेच्या गोळ्या घेतलेल्या रुग्णांचा गट त्यात नव्हताच. जे पुन्हा आलेच नाहीत ते या हिशोबात नाहीत. शिवाय इसब, दमा, मायग्रेन ही दुखणी मुळातच चढउताराची. माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणं अगदी वर चढलेलं असताना, त्यामुळे दोन महिन्यांनी ते थोडं खाली आलेलं असण्याची शक्यताच जास्त. नेहमीची औषधं सोबत चालू असली तर श्रेय कोणाला द्यायचं?

आणखी एक गोष्ट, जी मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. एनएचएसच्या फॅमिली डॉक्टरकडे साधारण दहा मिनिटं मिळतात. होमिओपॅथ पहिल्या भेटीत तासभर बसवून झोप, स्वप्नं, स्वभाव सगळं विचारतो. त्या तासाने बरं वाटतं यात शंका नाही. पण मग तो तास द्या ना, बाटली कशाला?

बाटलीवर ‘30 सी’ लिहिलेलं असतं. म्हणजे एक भाग औषध, 99 भाग पाणी किंवा अल्कोहोल, आणि हे पातळ करणं तीस वेळा. 12 सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची आशा नसते.

‘1854 च्या कॉलऱ्यात होमिओपॅथीने जीव वाचवले.’

लंडनच्या होमिओपॅथिक रुग्णालयात कॉलऱ्याचे सुमारे 16 टक्के रुग्ण दगावले, इतरत्र निम्म्याहून अधिक. हे आकडे सरकारी अहवालातून वगळले गेले होते आणि संसदेला ते मागवून घ्यावे लागले, हेही खरं. लपवाछपवी झाली, कबूल.

पण ‘इतरत्र’ काय चाललं होतं ते पाहा. कॉलऱ्यात अंगातलं पाणी जुलाबावाटे निघून जाऊन माणूस मरतो. अशा कोरड्या पडलेल्या माणसाच्या शिरेतून डॉक्टर रक्त काढत, वर जुलाब होण्यासाठी पाऱ्याचं कॅलोमेल देत. होमिओपॅथिक रुग्णालयात यातलं काही होत नव्हतं. रुग्ण अंथरुणात पडून राही, त्याला कोणी आणखी कोरडं करत नसे. शिवाय तिथले रुग्ण होते साठेक, आणि दोन्हीकडे सारख्याच गंभीर केसेस आल्या असं धरायला आधार नाही. तेव्हा हे आकडे त्या काळच्या प्रचलित वैद्यकाची लाज काढतात, आणि काढायलाच हवी.

गंमत म्हणजे हे रुग्णालय तेव्हा सोहोमधल्या गोल्डन स्क्वेअरला होतं. तिथून काही मिनिटांच्या चालीवर ब्रॉड स्ट्रीटचा तो हातपंप, ज्याचं पाणी लोकांना मारतंय हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू मोजून दाखवलं. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला.

‘राजा आश्रयदाता आहे.’

चार्ल्स 2019 मध्ये, युवराज असताना, फॅकल्टी ऑफ होमिओपॅथीचे आश्रयदाते झाले. तोवर लंडनच्या रुग्णालयातली सरकारी होमिओपॅथी थांबून वर्ष उलटलं होतं. पुढे जाऊ.

‘औषध कंपन्यांनी दाबलं.’

2017 मध्ये एनएचएस इंग्लंडने ‘लिहून देऊ नका’ म्हणून जी यादी काढली तीत अठरा गोष्टी होत्या, आणि होमिओपॅथी त्यातली एक. दुखण्यावरचे महागडे लिडोकेनचे प्लास्टर, को-प्रोक्सामॉल ही वेदनाशामक गोळी, ओमेगा-3 च्या कॅप्सूल यांनाही तीच कात्री लागली. कंपन्यांनी स्वतःच्याच मालावर कुऱ्हाड मारून घेतली म्हणायचं का? फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून सरकारी आरोग्य विम्यातून मिळणारा होमिओपॅथीचा परतावा पूर्ण बंद झाला. तिथे या गोळ्यांची सगळ्यात मोठी उत्पादक बॉयरॉन ही स्वतःच शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे.

पैशाची बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2016 मध्ये इंग्लंडमध्ये होमिओपॅथीच्या प्रिस्क्रिप्शनवर एनएचएसचे जेमतेम 92 हजार पौंड गेले. ते वाचवून कुणाची शस्त्रक्रिया लवकर होणार नव्हती. मुद्दा एनएचएसच्या शिक्क्याचा होता. संसदेच्या समितीपुढे 2009 मध्ये बूट्स या औषध दुकानांच्या साखळीचे अधिकारी आले होते. या गोळ्या काम करतात का, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की तसा पुरावा आपल्याकडे नाही, गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवतो. दुकानदाराला ते उत्तर चालतं. एनएचएसच्या डॉक्टरला पॅडवर सही करताना ते चालत नाही.