खुलासा : ‘पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात’ हा मेसेज चुकीचा आहे

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : वाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ते पित्त, लिंबू-पाणी घ्या, आणि डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायला सांगितलं तर नकार द्या, पाय लुळे पडतात.

माझ्या धाकट्या बहिणीनं पहिल्या भागावर दोन महिने विश्वास ठेवला. दारात रांगोळी काढायला वाकली की पाच-दहा सेकंद सगळं काळं व्हायचं. डोकं ठणकायचं, कानात नाडीसारखी धडधड. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला, तेव्हा डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुजलेली दिसली. कवटीच्या आत दाब वाढला होता.

अंधारीला इतर कारणंही असतात, हे खरं. पण ही लक्षणं एकत्र असली तर थांबू नका. सूज राहिली तर नस वाळते आणि गेलेली नजर परत येत नाही. वजन वाढलेल्या तरुण बायकांत कवटीतला दाब वाढण्याचा हा आजार जास्त दिसतो. मुरमांवरच्या काही गोळ्यांनीही होतो.

आता पाण्याचं. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव; कवटीतला दाब त्यावरून कळतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. आधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन करून मेंदूत गाठ नाही ना, हे बघतात. मग दाब मोजतात. नळीत पाणी किती उंच चढतं त्यावरून तो कळतो; मोठ्या माणसात पंचवीस सेंटिमीटरच्या वर तो वाढलेला धरतात. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, बहिणीचंही दुखलं. ती चालत घरी आली.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.