टनेल बुक का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चीनमधल्या सूचौ शहराच्या बागांवरून, लांब कागदाला उलटसुलट घड्या घालून आणि त्यात जाळीच्या खिडक्या कापून पुस्तक कसं करायचं, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. सूचौच्या बागांचा थरांचा अवकाश दाखवायला टनेल बुक (कापलेले थर एकामागे एक लावून समोरच्या भोकातून बघायचं पुस्तक) सोडून घड्यांची पट्टी घेतली, त्यामुळे खोली एका नजरेत दिसत नाही. चिनी म्हणायचं तर दोऱ्याची शिवण हवी होती. आणि तुमच्या पट्टीला घड्यांवर चिरा गेल्या.

चिरांचं आधी, कारण ती चूक लेखाची आहे: कागदाच्या ग्रेनची, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेने पसरलेले असतात ती दिशा लिहायची राहिली. ग्रेन घडीला समांतर हवा. ताव न मोडता दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. जिकडे तो सहज वळतो, ती वळणाची रेषा म्हणजे ग्रेन. 56 × 76 सेंमीच्या 200 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) तावात ग्रेन लांबीच्या दिशेने असेल, तर 18 सेंमी उंचीच्या पट्ट्या 56च्या बाजूनेच निघतात. म्हणून 120 सेंमीची पट्टी 48, 48 आणि 24 अशी जोडायची. पहिल्या दोन तुकड्यांना 1 सेंमी जादा जीभ ठेवा, सांधा घडीवरच येऊ द्या. तिथे खळ नको. ओलाव्याने जाळीचा कागद फुगतो आणि सुकताना लाटा धरतो. फेविकॉलचा पातळ हात पुरे.

आता टनेल बुक. त्यात सगळी भोकं एका अक्षावर असतात आणि डोळा एका जागी खिळलेला. 18व्या शतकात ऑग्सबर्गच्या मार्टिन एंगेलब्रेश्टने छापलेले कागदी देखावे याच घराण्यातले; मांडणी रंगमंचाची. सूचौची बाग अशी समोर बसून बघायची नसते. तिथल्या लिउ युआन या बागेत शिरताना आधी अरुंद, अंधारी, वळणावळणाची वाट लागते. पुढे जाळीच्या खिडक्यांतून बागेचे तुकडे दिसतात, आणि मग तळं उघडतं. एका नजरेत खोली दिसत नाही ही तुमची तक्रार मला पट्टीची जमेची बाजू वाटते.

ती वाट चार चिंचोळ्या घड्यांत आणली आहे: 6 सेंमीच्या चार, बिनखिडकीच्या, मग 12च्या आठ. चिंचोळ्या घड्या समसंख्येतच हव्यात. तीन केल्या तर पुढची 12ची घडी उलट बाजूला 6 सेंमी बाहेर येते आणि पट्टीची सुरुवातीची कड मिटलेल्या पुस्तकाच्या कडेला न येता मधोमध पडते. हेही लेखात ठळक यायला हवं होतं.

खिडक्या घडीच्या रेषेपासून किमान 15 मिमी आत ठेवा, नाहीतर पट्टी उभी राहताना तिथेच दुमडते. जाळीची काडी 2 मिमीपेक्षा बारीक नको. आधी आतली छोटी भोकं कापा, बाहेरची शेवटी; उलट केलं की काड्या आधार नसल्याने पात्याबरोबर ओढल्या जातात. घडीच्या रेषा बोन फोल्डरने (घडी दाबायच्या बोथट पट्टीने) आधी दाबून घ्या, प्रत्यक्ष घड्या मात्र कापून झाल्यावर. खिडक्यांची उंची तीच ठेवून प्रत्येकीचा मध्य साधारण 2.5 सेंमी सरकवा, म्हणजे टोकाकडून तिरकं पाहताना पुढची खिडकी अर्धीच दिसते. नेमकं किती सरकवायचं ते कोऱ्या कागदाच्या नमुन्यावर ठरवा. पट्टी किती ताणता त्यावर ते बदलतं.

पट्टीला पाठही असते, ती टनेल बुकला नाही. सूचौच्याच त्सांगलांग थिंग या बागेतल्या दुहेरी ओवरीत मधोमध खिडक्यांची एकच भिंत आहे: एका अंगाला बाहेरचं पाणी, दुसऱ्या अंगाला आतली टेकडी. पट्टीच्या पुढे टेकडी, मागे पाणी रंगवा. भोक तेच, चाल दोन्ही बाजूंनी.

शिवणीबद्दल: दोऱ्याची बांधणी मिंग काळात रूढ झाली. घडीची पोथी त्याहून जुनी, बौद्ध सूत्रांची, तेव्हा ती कमी चिनी नाही. शिवणीत कण्याकडचे सुमारे 15 मिमी जातात आणि पुस्तक सपाट उघडत नाही. कण्याजवळची खिडकी वाया. पण शिवलेल्या पुस्तकाची पानं बाहेरच्या कडेला दुमडलेली, दुहेरी असतात, हे तुमच्या बाजूने. खिडकी फक्त वरच्या थरात कापून दुमडीत रंगीत कागद सरकवला, तर एकाच पानात दोन थर मिळतात. त्यासाठी मऊ, 60 ते 80 जीएसएमचा कागद घ्या आणि जाळीची काडी 4 मिमी ठेवा.