ताक का कळकतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या आणि रसायनाच्या प्रयोगांवर मी जो लेख लिहिला, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. स्वयंपाक ही सवय आहे, रसायनशास्त्र म्हणजे मोजमाप. दोन्हींची सरमिसळ केली की मुलांना पुढे साधं टायट्रेशन (द्रावणात आम्ल किती ते थेंब थेंब अल्क घालून मोजणं) जमत नाही, हा पहिला. आजीच्या सांगण्याला मी विज्ञान म्हटलं, हा दुसरा. आणि प्रयोगशाळेत काढलेलं मीठ आम्ही चाखलं हे मी कौतुकाने लिहिलं, हा तिसरा. तुम्ही तीस वर्षं हा विषय शिकवलात, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तरी दोन मुद्द्यांवर माझं म्हणणं मांडते.

आधी तिसरा, कारण तिथे तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे.

शिरोड्याची मिठागरं आमच्या गावापासून सायकलच्या टप्प्यात. 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला तीच ही. नववीत आम्ही समुद्राचं 200 मिली पाणी आणून आटवलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 7 ग्रॅम यायला हवे होते. आमचे साडेपाचच भरले. पाणी पावसाळा सरता सरता, खाडीच्या मुखाशी भरलेलं, नदीचं गोडं पाणी मिसळलेलं. हे कारण बाईंनी आमच्याकडूनच काढून घेतलं. मग चिमूटभर मीठ सगळ्यांनी जिभेवर ठेवलं. कडवट लागलं. पाणी पार कोरडं होईपर्यंत आटवल्यामुळे मॅग्नेशियमचे क्षारही त्यातच राहिले होते. मिठागरात तसं करत नाहीत, मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी सोडून देतात.

लेखात मी इथेच थांबले होते. पुढचं लिहायचं टाळलं, ते आता लिहिते. त्या बीकरमध्ये आदल्या आठवड्यात मोरचूद, म्हणजे विषारी कॉपर सल्फेट, होतं. बीकर धुतलेलं होतं, पण नुसतं पाण्याने. हे लक्षात आलं तेव्हा एका मैत्रिणीला मळमळायला लागलं होतं. मोरचुदामुळे की भीतीने, ते कळायला काही मार्ग नव्हता. बाईंनी चूक आमच्यावर ढकलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरून स्टीलची चार भांडी घेऊन आल्या, त्यांच्या बुडाला लाल ऑइलपेंटने फुली मारली आणि सांगितलं, खायचं ते फक्त फुलीच्या भांड्यात, तेही व्हरांड्यात. प्रयोगशाळेत तोंडात काहीही जाणार नाही. ही गोष्ट मूळ लेखात असायलाच हवी होती.

आता आजीबद्दल. माझी आजी म्हणायची, "ताक पितळेत ठेवू नको गो, कळकतलां." म्हणजे भांड्याचा धातू उतरून ताक बिघडेल. तुमच्या मते ही सवय, विज्ञान नव्हे. मान्य. आजीला कारण माहीत नव्हतं. पण सर, मला माझ्या शालेय आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रश्न त्याच वाक्याने दिला.

झालं असं की वर्गात धातूंची क्रियाशीलता श्रेणी, म्हणजे कोणता धातू किती सहज क्रिया करतो त्याची उतरंड, चालू होती. तांबं हायड्रोजनच्या खाली, म्हणून सौम्य आम्लातून ते हायड्रोजन बाहेर काढत नाही. क्रिया होत नाही. फळ्यावर ते वाक्य चौकटीत होतं. मी हात वर करून विचारलं, मग ताक का कळकतं? ताकात आम्ल, पितळेत तांबं, क्रिया होत नसेल तर ते हिरवं आणि ओकारी आणणारं काय असतं?

बाई क्षणभर गप्प झाल्या. "पितळेत जस्तही असतं" हे उत्तर देऊन त्या पुढे जाऊ शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, जस्ताची भानगड नको, नुसतं तांबं घेऊ. जुन्या वायरचं आवरण सोलून दोन तुकडे काढले, सँडपेपरने लख्ख घासले. एका परीक्षानळीत व्हिनेगर ओतून तार अर्धी बुडेल अशी उभी ठेवली, तोंड उघडं. दुसऱ्या नळीत उकळून गार केलेलं व्हिनेगर, तार पूर्ण बुडालेली, आणि वर बोटभर खोबरेल तेलाचा थर. दोन्ही नळ्या खिडकीत. मी रोज प्रार्थनेआधी जाऊन बघायचे. आठवड्याभरात उघड्या नळीतल्या तारेवर, जिथे हवा आणि व्हिनेगर भेटतात त्या रेषेत, हिरवट निळी कड धरली आणि खालच्या द्रवाला फिकट निळा रंग आला. तेलाखालची तार आम्ही ठेवली तशीच राहिली.

म्हणजे पुस्तक चुकलं नव्हतं आणि आजीही चुकली नव्हती. आम्ल एकटं काही करत नव्हतं. हवेतल्या ऑक्सिजनने तांब्यावर ऑक्साइड धरायचं आणि ते आम्लात विरघळायचं. चौकटीतल्या वाक्यात "हवा नसताना" एवढंच राहून गेलं होतं. ते मला पाठ करून कधीच सापडलं नसतं.

आणि एकदा ते सापडल्यावर कल्हईवाला दिसला. सर, हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे. दर वर्षी गणपतीच्या आधी तो आमच्या खळ्यात भाता लावून बसायचा. भांडं तापवायचा, नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसला की आतून चांदीसारखं भांडं. त्याच वर्षी मी "नवसागराचे संप्लवन होते", म्हणजे तो न वितळता थेट वायू होतो, हे दोन गुणांसाठी पाठ केलं होतं, पण तो धूर म्हणजे हेच, हे कोणी सांगितलं नव्हतं. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, हवेत पुन्हा जुळतात, तोच हा धूर. आणि हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचं ऑक्साइड खाऊन टाकतं, म्हणून 232 अंशांना वितळलेलं कथील उघड्या धातूला घट्ट धरतं. ज्या थरामुळे ताक कळकतं, तोच थर तो माणूस काढत होता, आणि वर कथील चढवून पुन्हा धरू देत नव्हता.

तुमच्या पहिल्या आक्षेपात तुम्ही विचारलंत, या मुलीने कधी टायट्रेशन केलंय का. केलंय. अकरावीत आम्ही कोकमाचं आगळ घेतलं. आम्ल संपलं की गुलाबी होणारं फिनॉल्फथॅलीन टाकलं, पण आगळाच्या लालभडक रंगात त्याचा गुलाबी दिसेचना. मग 10 मिली आगळ 250 मिलीपर्यंत पातळ केलं. तरी फसलं, कारण कॉस्टिक सोडा पडत गेला तसा कोकमाचा रंगच बदलायला लागला: लाल, जांभळट, मग राखाडी हिरवट. शेवटी काचेच्या कांडीने थेंब थेंब सामूच्या (pH च्या) कागदावर टेकवत अंतिम बिंदू, म्हणजे आम्ल संपल्याची वेळ, धरला. तीन वाचनं अर्ध्या मिलीच्या आत जुळली. त्याहून बारीक जमलं नाही. सामूमापक असता तर जमलं असतं, तो आमच्याकडे नव्हता.

मूळ लेखातलं चाखण्याचं वाक्य मी खोडलेलं नाही, कारण तसं घडलं होतं. त्याच्याखाली बीकरची आणि लाल फुलीची हकीकत जोडली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. आणि रंगीत द्रावणाचा अंतिम बिंदू तुम्ही वर्गात कसा धरायचात, ते जमल्यास इथे लिहा. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) आले की मी पुन्हा करणार आहे.