३१ मार्चची शिल्लक आणि मे महिन्यातला भुसा

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन तीन प्रश्न विचारलेत: सगळे स्वयंसेवक आहेत तर खर्च कशाचा, बँकेत एवढे पैसे पडून असताना देणगी का मागता, आणि बोकड विकल्याचे पैसे जमेला का दिसत नाहीत. तुम्ही देणगीदार आहात, विचारायलाच हवं. शाळकरी मुलांना पाळायला शेळी देणाऱ्या आपल्या संस्थेची मी खजिनदार, म्हणून उत्तर मी देते.

ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि आमचा मोठा खर्च त्यानंतर सुरू होतो. मुरबाड-शहापूरकडे एकदा पावसाने जोर धरला की शेळ्या चरायला सोडता येत नाहीत. म्हणून तुरीचा, हरभऱ्याचा भुसा मे महिन्यातच घाटावरून टेम्पोने आणून कोरड्या जागी भरून ठेवावा लागतो. जूनमध्ये आणला तर वाटेतच भिजतो, आणि बुरशी लागलेला भुसा जनावरापुढे टाकता येत नाही. आंत्रविषाराची (शेळ्यांच्या आतड्याच्या जीवघेण्या रोगाची) लस पावसाआधी, जंतनाशकही तेव्हाच. मार्चअखेर खातं रिकामं असतं, तर मला झोप लागली नसती.

आम्ही कुणी पगार घेत नाही, गावाला जायचं भाडंही ज्याचं तो भरतो. पण चारा, औषधं, विमा, ऑडिटची फी यांचे पैसे मोजावेच लागतात. विम्याचं म्हणाल, तर शेळीच्या कानात नंबरचा टॅग नसेल तर दावाच नाही, आणि टॅग असला तरी पैसे हातात यायला वेळ जातो. नववीतल्या मुलीची गाभण शेळी दगावली तर तिला तोवर थांबायला सांगायचं का? बँकेत यासाठी वेगळ्या ठेवलेल्या राखीव रकमेतून तिला लगेच दुसरी शेळी देतो. मी खजिनदार आहे तोवर त्या रकमेला दुसऱ्या कशासाठी हात लागणार नाही.

बोकडाचे पैसे मुळात संस्थेचे नाहीतच. मुलाला शेळी मिळते, पुढे तो एक मादी करडू परत देतो आणि ते दुसऱ्या मुलाकडे जातं. शेळीला झालेला बोकड त्याचा स्वतःचा. बकरी ईदच्या आधी चांगला भाव येतो, तो त्याच्या बँक खात्यात जातो. ते पैसे आमच्या जमेला दाखवले तर ती खोटी नोंद होईल.

हिशेब सीए तपासतात आणि दरवर्षी ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. तुमच्या देणगीतून दिलेल्या शेळीचा टॅग नंबर पावतीच्या मागे लिहिलेला आहे. शनिवारी नौपाड्यातल्या ऑफिसात या. त्या नंबरचं पान, लसींच्या तारखा आणि डॉक्टरांच्या सह्या समोर ठेवते. आयकर सवलतीसाठीचं ८०जीचं प्रमाणपत्र नियमाप्रमाणे ३१ मेपर्यंत मिळेल.