खुलासा: आयएसओ ९००१ फक्त क्वालिटी विभागाचं काम नाही
आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक. ‘आयएसओ ९००१ ही क्वालिटी विभागाची जबाबदारी, धंद्याच्या धोरणाशी तिचा संबंध नाही,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. गुणवत्ता धोरण आणि उद्दिष्टं कंपनीच्या धोरणात्मक दिशेशी सुसंगत ठेवण्याची जबाबदारी २०१५च्या आवृत्तीतलं कलम ५.१.१ थेट वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकतं. कलम ९.३मधल्या व्यवस्थापनाच्या आढाव्यातही हाच मेळ तपासायचा असतो.

घोळ होतो तो उद्दिष्ट ठरवताना. समजा, कंपनीला छोट्या ऑर्डरी दहाऐवजी चार दिवसांत द्यायच्या आहेत आणि क्वालिटीचं उद्दिष्ट आहे फक्त ‘ग्राहकाकडचं रिजेक्शन कमी करणं’. मग शेवटी शंभर टक्के तपासणी लागते, लॉट (एकत्र बनवलेला माल) दोन दिवस अडकतो. रिजेक्शनचा आकडा सुधारतो, डिलिव्हरी कोलमडते! इथे मोजायला हवं ते रिवर्कशिवाय, म्हणजे पुन्हा दुरुस्त न करता, पहिल्याच फेरीत पास झालेल्या नगांचं प्रमाण, आणि सेटअपनंतर (नव्या कामासाठी मशीन लावल्यावर) पहिला नग मंजूर व्हायला लागणारी मिनिटं. हा दुसरा आकडा बरेचदा कुणी लिहूनच ठेवत नाही. मशीन मात्र तोवर उभं असतं. प्रत्येक उद्दिष्टापुढे जबाबदार व्यक्ती, मुदत, लागणारी साधनं आणि निकाल कसा तपासणार हे लिहा. कलम ६.२ तेच मागतं.